कटंगीची बस थांबली तेव्हा

यश्ना भिवाजी वर्षभरासाठी म्हणून मॉरिशसहून आली आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका छोट्या संस्थेत बिनपगारी काम करू लागली. ती फिजिओथेरपिस्ट होती. ज्या मुलांना नीट बसता-उभं राहता येत नाही त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा आणि तो त्यांच्या आयांना शिकवायचा, हे तिचं काम. राहायची सोय मात्र वारासिवनीत झाली होती, संस्थेतल्याच खेमराज मेश्राम यांच्या घरी. खेमराज बहुतेक वेळ गावोगाव फिरतीवर असायचे. घरात त्यांची बायको ललिता आणि यश्ना, दोघीच.

यश्नाच्या आजोबांचे आजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले होते. घरी सगळे क्रिओल बोलत. मराठी ती शाळेत शिकली होती, पुस्तकातली. पहिल्या दिवशी ललितानं विचारलं, "इतक्या दूर काहून आली बापा?" तेव्हा काहून हे एखाद्या गावाचं नाव असेल असं तिला वाटलं. "काहून नाही, मी पोर्ट लुईहून आले," ती म्हणाली. ललिता पदर तोंडाशी धरून हसत राहिली आणि शेजारणींना ती गोष्ट पुढे महिनाभर सांगत होती.

रोज सकाळी कटंगीहून बालाघाटला जाणारी एक खाजगी बस वारासिवनीच्या बाजाराजवळ थांबायची. पहिल्या महिन्यात यश्नाला त्या बसची भीतीच वाटे. गाडी उभी राहण्याआधी लोक खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी एखादा दुधी भोपळा सीटवर टाकून जागा धरत. ती आपली सगळ्यात शेवटी चढायची आणि दाराजवळ दांडीला धरून उभी राहायची. मग कंडक्टर भोजराजनं तिला हेरलं. पन्नाशीचा, खिशात कायम सुपारी बाळगणारा माणूस. ही परदेशातून आली, फुकट काम करते आणि तरी मराठी बोलते, हे कळल्यावर त्यानं ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा तिच्यासाठी ठेवायला सुरुवात केली.

"मी उभी राहते दादा, खरंच," यश्ना म्हणायची.

"बसा म्याडम. आपल्या लोकाची पोरगी हाय तुम्ही. पाण्यापल्याडून आल्या अन् आमच्या लेकराईले चालवून राह्यल्या."

दोन-तीनदा तिनं ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. पुढे देईनाशी झाली. दिवसभर मुलांना उचलून तिची कंबर दुखायची, आणि बसायला मिळालं तर कुणाला नको असतं? भोजराजनं आपला नंबरही देऊन ठेवला होता. "उशीर झाला तर फोन करजा. थांबवतो मी गाडी."

तिच्या गावी बस कुणासाठी थांबत नसे. पहिल्यांदा फोन केला तेव्हा तिला फार संकोच वाटला. मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा. ललिता एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "गाडी थांबते थे ठीक हाय. पण आत बसलेले बी थांबतात न." यश्नानं मान डोलावली. पुढचे काही दिवस ती लवकर निघाली, आणि मग तेही मागे पडलं.

मे महिन्यातल्या त्या सकाळी ती तयार होती. डबा भरला होता, चपला पायात होत्या. तेवढ्यात बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. बहिणीनं नव्या घरात पडदे लावले होते आणि ती एकेक खोली दाखवत होती. निळे बरे की पिवळे, यावर दोघींचं एकमत होईना. बोलता बोलता बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा यश्नानं बहिणीला तसंच फोनवर ठेवून भोजराजला मेसेज टाकला, "दादा, आलेच. थांबा." त्यानंतरही ती बराच वेळ पडद्यांवरच बोलत होती.

बसशी पोचली तेव्हा तिनं हसून हात जोडले. "सॉरी दादा."

भोजराज नेहमीसारखा हसला नाही. "चढा, चढा," एवढंच म्हणाला आणि दारावर थाप मारली. गाडी हलली. आत उकाड्यानं सगळे वैतागलेले दिसत होते. इंजिनाच्या झाकणावर एक म्हातारी बाई बसली होती. सुती लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर घट्ट. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होती. इंजिनाची धग तिला चांगलीच लागत असणार. हिला आपली जागा द्यावी, असं यश्नाच्या मनात आलं. मग गाडीनं वेग घेतला, वारा आला, तिनं कानात इयरफोन घातले आणि डोळे मिटले.

जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. बालाघाटच्या अलीकडचं रेल्वे फाटक बंद होतं. पुढे ट्रक, मोटारसायकली, एक ट्रॅक्टर. इंजिनावरची म्हातारी आता उभी राहून, वाकून फाटकाकडे पाहत होती.

"आत्ताच पडलं वाट्टे," ड्रायव्हर म्हणाला.

"हौ," भोजराज म्हणाला आणि खाली उतरला. उगाच फाटकापर्यंत जाऊन परत आला. मालगाडी आली. ती संपता संपेना.

बस स्टँडवर गाडी पुरती थांबलीही नव्हती, तोच ती म्हातारी उतरली आणि पिशवी छातीशी धरून पळत सुटली. पलीकडच्या टोकाहून लांजीची बस बाहेर पडत होती. म्हातारी एक हात वर करून ओरडत होती, पण आवाज पोचण्यासारखा नव्हता. बस वळली आणि रस्त्याला लागली. म्हातारी तिथंच थांबली आणि थोड्या वेळानं खाली जमिनीवर बसली.

"कुठं जायचं होतं त्यांना?" यश्नानं भोजराजला विचारलं.

तो तिच्याकडे पाहत नव्हता. "गोदाबाई हाय थे. लांजीच्या रस्त्यावर, किरनापूरच्या पुढं माहेर हाय तिचं. रात्री भाऊ वारला. मातीले जाऊन राह्यली होती."

यश्नाला मराठीतलं हे 'माती' लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं वळून जमिनीवर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सांगतलं होतं तिनं, चढतानीच. गाडी लवकर काढजो भोजराज, म्हणे, ऊन चढाच्या आत त्याईले उचलाचं हाय." भोजराजनं खिशातली सुपारी काढली, पाहिली आणि परत ठेवली. "मले वाटलं, दोन मिनिटं. रस्त्यात भरून काढू. तुम्ही हर बार दोन मिनिटातच येता."

"मग मला फोन का नाही केलात?"

"केला होता. लागला नाही. बिझी होता."

यश्ना वळली. ती धावत स्टँडच्या बाहेर गेली आणि दिसेल त्या ऑटोवाल्याला विचारू लागली. किरनापूरच्या पुढे म्हटल्यावर दोघे नाही म्हणाले. तिसरा तयार झाला. ती गोदाबाईजवळ आली, खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, चला. मी ऑटो आणलाय. मी येते तुमच्याबरोबर."

गोदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. ती काही न विचारता उठली.

ऑटोत बसल्यावर गोदाबाईनं छोट्या फोनवरून भाच्याला, कुशलला, फोन लावला. "निघाली मी, आटोनं येऊन राह्यली. ठेवजो रे थोडंसं." पलीकडून कुशल काहीतरी मोठ्यानं बोलला, मागे बायकांचं रडणं ऐकू आलं, मग फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" यश्नानं विचारलं.

"जुने लोक थांबू देऊन नाही राह्यले म्हणे. लय तपून राह्यलं."

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या, त्यात भेगा. ऑटोवाला खड्डे चुकवत होता आणि प्रत्येक खड्ड्याला यश्नाला वाटत होतं, याला सांगावं, चुकवू नको, सरळ घाल. गोदाबाईनं पिशवीतून पुरुषांनी खांद्यावर टाकायचा एक नवा दुपट्टा काढला, त्याची घडी उलगडून पुन्हा नीट घातली.

"दिवाळीत घेतला होता त्याच्यासाठी. तो आला नाही भाऊबीजीले, पाय सुजला होता. म्हटलं, आला की देईन." मग जरा वेळानं ती म्हणाली, "महागू नाव त्याचं. दर साली नवा तांदूळ निघाला का पिशवी भरून लांजीच्या गाडीत ठेवून द्याचा. तिकडून बालाघाटले यायची, तिथून भोजराज आणाचा वारासिवनीले. तीस साल झाले. एक बी पिशवी हरवली नाही."

यश्ना ऐकत होती. तेव्हाच तिनं सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते, अगदी शाळेतल्या मराठीत जुळूनही आले होते: मावशी, बस माझ्यामुळे थांबली. पण गोदाबाईनं तिचा हात हातात घेतला, म्हणाली, "तुले बी काम असन बाई. माह्यासाठी निघाली," आणि यश्नाचं तोंड बंद झालं. त्या हातात आपला हात ठेवून बसणं तिला सहन होत नव्हतं, आणि काढूनही घेता येत नव्हता.

मुख्य रस्ता सोडून ऑटो गावाच्या रस्त्याला लागला तेव्हा समोरून माणसं येताना दिसली. वीस-पंचवीस पुरुष, अंगावर ओले कपडे, हातात काही नाही. नाल्यावर अंघोळ करून परतत होते. ऑटोवाल्यानं स्वतःहून गाडी बाजूला घेतली.

गोदाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं दुपट्टा पिशवीत ठेवला, उतरली आणि उरलेला रस्ता चालत गेली. यश्ना तिच्या मागे चालली.

घराच्या अंगणात बायकांनी गोदाबाईला मिठी मारली आणि रडण्याचा एकच गलका उठला. यश्ना कुंपणाजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं ओल्या धोतरातला एक तरुण आत आला. तो कुशल असणार. डोळे लाल, डोकं नुकतंच भादरलेलं.

"काहून उशीर केला आत्या?" तो फाटक्या आवाजात म्हणाला. "किती थांबलो आम्ही. सारे माह्यावर चिडले. बाबा शेवटी तुयंच नाव घेऊन राह्यला होता. काय झालं होतं?"

यश्ना एक पाऊल पुढे आली. तिनं तोंड उघडलं.

"फाटक बंद होतं," गोदाबाई म्हणाली.

"फाटक?"

"हौ. मालगाडी होती. लय मोठी." ती यश्नाकडे न पाहता बोलत होती. "लांजीची गाडी सुटून गेली. मग या पोरीनं आटो केला."

कुशलनं यश्नाकडे पाहिलं आणि हात जोडले. तिनंही जोडले.

दुपारी बायका दमून गप्प झाल्या तेव्हा गोदाबाई घरामागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. यश्ना तिच्याजवळ गेली. आता जुळवलेली मराठीही तिच्याजवळ उरली नव्हती.

"मावशी, ती बस... मी..."

"माहीत हाय मले," गोदाबाई म्हणाली. "पुढंच बसली होती मी. तू हासत हासत येऊन राह्यली होती, थे दिसलं."

"मग ऑटोत का नाही बोललात? मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? गेलेला वेळ परत आणला असता का तू?" गोदाबाईच्या आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "कुशलचं डोकं गरम हाय. भोजराजले जाऊन मारून देल्लं असतं त्यानं. भोजराजच्या गाडीनं अख्खी वारासिवनी जाते. मी बी जातो. म्हणून फाटक म्हटलं. तुयासाठी नाही म्हटलं."

"मला माफ करा."

"भाऊ काही तुयामुळं मेला नाही. थे मी कोणाले म्हणू देणार नाही. पण तोंड पाहाले भेटलं असतं मले. थे बी खरंच हाय. आता जा तू. तुई वाट पाहत असतील लेकरं."

परतीच्या बसमध्ये यश्ना उभी राहून आली. संस्थेच्या केंद्रात पोचली तेव्हा मुलं घरी गेली होती. एक आई फक्त तिच्यासाठी लालबर्ऱ्याहून आली होती आणि वाट पाहून परत गेली होती, असं तिथल्या ताईंनी सांगितलं.

त्या रात्री तिनं ललिताला सगळं सांगितलं. ललितानं "मी म्हणलं होतं" असं म्हटलं नाही, आणि म्हणाली असती तर यश्नाला बरं वाटलं असतं. ललितानं ताट वाढलं, यश्ना जेवली नाही, ललितानं ते झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बस यायच्या कितीतरी आधी यश्ना बाजाराजवळ उभी होती. भोजराज दिसताच म्हणाली, "दादा, यापुढे माझ्यासाठी कधीच थांबू नका. जागाही ठेवू नका."

भोजराजचा चेहरा उतरला. तो रात्रभर झोपला नसावा. "म्याडम, मी काही तुमच्यासाठीच थांबत नाही. आमच्या रस्त्यावर सारेच हात दाखवतात. शेतातून पळत येणारी बाई दिसली तर कसं सोडू? गोदाबाईसाठी बी कितीक बार थांबलो." मग हळू आवाजात म्हणाला, "पण काल समजाले पाहिजे होतं मले. तिनं सांगतलं होतं. तुम्हाले तर माहीतच नव्हतं. मले माहीत होतं."

"मी फोन ठेवला असता तर तुमचा लागला असता."

दोघांनाही एकमेकांचं समाधान करता येईना. यश्ना मागे जाऊन उभी राहिली. पुढचे दिवस ती उभ्यानंच जात राहिली. कंबर जास्त दुखू लागली. त्यानं कुणाचंच काही भलं होत नाही हे तिला कळत होतं, तरी बसवत नव्हतं. बहिणीचे फोन आले की ती कामात आहे म्हणून सांगायची. रात्री मालगाडीचा आवाज ऐकू आला की मनात हिशेब सुरू व्हायचा: पडदे पाहिलेच नसते तर फाटक पडायच्या आधी निघून गेलो असतो का? कधी उत्तर हो यायचं, कधी नाही. नाही आलं तरी सुटल्यासारखं वाटायचं नाही.

महागूच्या तेरवीला, तेराव्या दिवशीच्या जेवणाला, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून गेली. लांजीच्या बसनं, मग फाट्यावरून चालत. अंगणात मांडव होता, पंगती उठत होत्या. आपण इथं का आलो, हे तिलाच कळेना. परत फिरावं असं वाटत असताना एका बाईनं तिला हाताला धरून पंगतीत बसवलं. जेवल्यावर ती भांडी घासणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली. त्यांनी तिच्याकडे पाहून आपापसात हिंदीत काहीतरी म्हटलं आणि राखेचं टोपलं तिच्याकडे सरकवलं.

ऊन उतरल्यावर गोदाबाईनं तिला आत बोलावलं. खोलीत कुशल होता. त्याच्या हातात मोबाईल होता आणि तो काकुळतीला आला होता.

"तुम्हीच सांगा हिले," तो यश्नाला म्हणाला. "आत्या येईपर्यंत थांबू देणार नाहीत असं दिसलं, तं मी बाबाच्या तोंडाचा फोटो काढून ठेवला. हिच्यासाठीच. इतके दिवस झाले, पाहतच नाही."

"मले नाही पाहावत," गोदाबाई म्हणाली. "त्या डबीत कसं पाहू?" मग ती यश्नाकडे वळली. "तू पाह्य. अन् सांग मले."

यश्नानं फोन घेतला. तो दोन्ही हातांनी धरला. ज्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, ज्याच्याबद्दल इतके दिवस ती विचार करत होती, त्याचा चेहरा समोर होता. तिला नजर बाजूला घ्यावीशी वाटली. तिनं घेतली नाही.

"डोळे मिटलेले आहेत," ती म्हणाली.

"पुरे मिटले?"

"हो. पूर्ण. कपाळावर गंध आहे. मिशा पांढऱ्या आहेत, एका बाजूला थोड्या जास्त वाढलेल्या."

"थे तशाच. सरळ कापताच येत नव्हत्या त्याले. अन् तोंड?"

"बंद आहे. हनुवटीखालून पांढरी पट्टी बांधली आहे. त्रास झाल्यासारखं नाही दिसत."

"खोटं नको सांगू."

यश्नानं पुन्हा पाहिलं. नीट, जसं ती एखाद्या मुलाच्या पायाकडे पाहायची. "कपाळावर दोन आठ्या आहेत," ती म्हणाली. "भुवयांच्या मध्ये. काहीतरी विचारायचं असल्यासारख्या."

गोदाबाईनं डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी वाहू लागलं, आवाज न करता. कुशल दाराकडे तोंड करून उभा राहिला. यश्नाचा हात तिच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला, तो तिनं मागे घेतला.

"अजून सांग," गोदाबाई म्हणाली.

यश्ना सांगत राहिली. कानावरचे केस, गळ्यापाशी दिसणारी नव्या कापडाची कड, गालावरचा तीळ. सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिनं फोन कुशलच्या हातात दिला. गोदाबाईनं तो मागितला नाही.

संध्याकाळी दोघी एकाच बसनं बालाघाटला आल्या आणि तिथून वारासिवनीला. सगळा वेळ गोदाबाई खिडकीबाहेर पाहत होती. एकदाच तिनं विचारलं, "तुया देशात भावाबहिणीचं कसं असते?" यश्नानं जमेल तसं सांगितलं. गोदाबाई हौ म्हणाली की नाही, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

बाजाराजवळ उतरल्यावर गोदाबाईनं पदर सावरला आणि आपल्या गल्लीकडे निघाली. यश्ना ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मग घरी गेली, ललितानं दार उघडलं, आणि यश्नानं चपला काढल्या.